चांदीची बाजू आत

१ जून २०१७

हिशोबाची वही मार्चमध्येच संपली, पण मागची चाळीस पानं कोरी राहिली. कोरं पान रद्दीत द्यायला माझा जीव होत नाही. म्हणून वही उलटी धरून मागून लिहायला घेतली. पैशाचा हिशोब पुढच्या बाजूला, मनातलं मागच्या. ह्यांच्या हाती लागेल अशी भीती नाही. दिवसभर पुस्तकांत बसणारा माणूस घरी आला की अक्षराकडे ढुंकून पाहत नाही.

आज वाचनालयात मशीन आली. हे तिथे एकवीस वर्षांपासून ग्रंथपाल आहेत. गावचे एक जण पुण्यात मोठे झाले, त्यांनी आईच्या नावानं दिली. कपाटाएवढा खांब, त्याला काचेचा पडदा आणि खाली पाट. पुस्तक पाटावर ठेवायचं, आपलं कार्ड दाखवायचं, की पुस्तक आपल्या नावावर चढतं. परत आणलं की तसंच उतरतं. मध्ये माणूस लागत नाही. दारात दोन खांब वेगळे, नोंद न करता पुस्तक नेलं तर ते ओरडतात.

चिखलीचा फहीम मशीन बसवायला आला आहे. गुणी आहे, जेवताना ताट स्वच्छ केलं. प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला तो आतून एक चिठ्ठी चिकटवतो, तिच्यात तांब्याची बारीक नागमोडी रेघ आहे. ती रेघ म्हणे मशीनशी बोलते.

वाचनालयाचे अध्यक्ष उत्तमराव ह्यांना म्हणाले, "मशीन नीट चालली का किसनराव, तुमाले मोकळं करून टाकू." ऐकून बरं वाटलं. ह्यांचे गुडघे दुखतात, वरच्या फळीसाठी स्टुलावर चढावं लागतं. मशीन काही पगार घेत नाही, तेव्हा पगार ह्यांचाच राहील.

हे मात्र जेवले नाहीत नीट. ऊन लागलं असेल.

१२ जून

उद्घाटन झालं. हार, पेढे, भाषणं. फहीमनं आपलं एक कोरं पुस्तक पाटावर ठेवलं, मशीन टण् वाजली, टाळ्या झाल्या. मग वाचनालयाची पाच पुस्तकं ठेवली. दोन वाजली, तीन नाही. काचेवर अक्षरं आली, 'पुस्तक आढळले नाही'. पुस्तक समोर पाटावर दिसत होतं.

शालिग्राम रोज पेपर वाचायला येतो, पेपर वाचायला कमी आणि बोलायला जास्त. तो म्हणाला, "मशीनले चष्मा लागून राह्यला, उत्तमराव."

फहीम घामाघूम झाला. म्हणाला, जवळ लोखंड असेल, धातूच्या आडून लहर जात नाही, कपाटं सरकवा. त्याला पुढं बीबी गावाला जायचं होतं, जीप निघत होती. गेला.

उत्तमरावांच्या घरच्यांनी विचारलं, मशीन कशी आहे, तर मी "छान चालते" म्हणून बसले. संध्याकाळी पंचशील म्हणताना चौथ्या शीलाशी आठवलं. खोटं बोलण्यापासून दूर राहीन, असं दोन वेळा म्हणायचं आणि मधल्या वेळात बोलायचं. उद्या जाऊन खरं सांगून येईन.

१४ जून

आज नवल झालं. हे वाचनालयातून एक पुस्तक घरी घेऊन आले, दमा आणि आहार असं काहीतरी. माझं कव्हर घातलेलं. ओसरीवर बसून त्यांनी कव्हर उतरवलं, उलटंसुलटं करून पाहिलं, आतली चांदी नखानं खरडली. मग कव्हर आणि पुस्तक वेगवेगळं घेऊन परत वाचनालयात गेले. अर्ध्या तासानं आले तेव्हा कव्हर पुन्हा पुस्तकावर घातलेलं होतं. जेवताना दुसऱ्यांदा भाजी मागून घेतली, जी बारा दिवसांत मागितली नव्हती.

कव्हरांचं सांगायचं राहिलं. वाचनालयाची पुस्तकं अकराशे चाळीस. त्यांतल्या निम्म्यांना कव्हरं मी घातली आहेत. पेरणी झाली की बीटी कपाशीच्या बियाण्याची रिकामी पाकिटं बांधावर पडलेली असतात. जाड, चिवट, आतून चांदीच्या पत्र्यासारखी. पाणी शिरत नाही, वाळवी लागत नाही. बियाण्याला औषध लावलेलं असतं म्हणून राखेनं दोनदा धुते, कापून उघडते, आणि चांदीची बाजू आत, चित्राची बाहेर ठेवून चढवते. चांदी बाहेर ठेवली तर डोळ्यांवर येते. एकवीस वर्षांत ह्यांनी त्या कव्हरांना बरं म्हटलं नव्हतं. आज म्हणाले,

"सिंधू, तुह्या हाताची चीज कोणाले समजली नाई."

"तुमाले समजली का?"

"आज समजली."

१९ जून

फहीमच्या सांगण्यावरून लोखंडाची सगळी कपाटं मागच्या खोलीत नेली. पुस्तकं आता लाकडी फळ्यांवर. मासिकांच्या पिना उपटल्या, त्यात माझे दोन दिवस गेले, अंगठ्याला भोकं पडली. हे स्वतः पुढं होऊन करतात. खिशातल्या किल्ल्यासुद्धा बाहेर खुंटीला टांगल्या. सगळ्यांना सांगतात, "धातू नको बरं का, मशीनले चालत नाई." इतकी कळकळ मी मशीनच्या मालकातही पाहिली नाही.

तरी मशीन निम्म्या पुस्तकांवर गप्पच. ज्यांना कव्हर नाही ती बोडकी पुस्तकं तेवढी वाजतात. मला वाटतं, जुन्या वापरातल्या पुस्तकांना माणसाच्या हाताची सवय आहे.

मंगल मैत्री करताना सर्व प्राणी सुखी होवोत म्हणते, त्यात आजपासून मशीन धरली. ती प्राणी नाही हे माहीत आहे. पण आजारी आहे.

२ जुलै

पाऊस बरा आहे. पेरण्या आटोपल्या. हे सायकलला पोतं बांधून बांधाबांधानं फिरले आणि पाकिटं गोळा करून आणली. तीन पोती. माझ्या आयुष्यात ह्यांनी भाजीची पिशवी आणली नाही. म्हणाले, "एकही पुस्तक बोडकं ठेवायचं नाई. मागच्या खोलीतले बी. नवे बी." मी म्हटलं, सरकारी अहवालांना कशाला कव्हर, ते कोण नेतं? म्हणाले, "पुस्तक ते पुस्तक."

ह्यांना शेतागणिक गड्ड्या बांधायला सांगितलं होतं, त्यावरून मी वेगळी यादी केली. कोणाच्या शेतातलं पाकीट कोणत्या पुस्तकाला लागलं, ते नंबरानिशी लिहून ठेवते. दुसऱ्याची वस्तू विचारल्याशिवाय घ्यायची नाही, हे दुसरं शील. फेकलेली असली तरी ज्याची त्याचीच. उद्या कोणी मागितलं तर दाखवता यावं.

सोजराबाई शेजारी आहेत, नवऱ्यामागं चार एकर एकट्या करतात. यादी पाहून हसल्या. "कोण मांगते वं रिकामं पाकीट? इथं भरलेलं उगवलं तं पुरे."

२८ जुलै

अकराशे चाळीस पूर्ण. मशीन आता एकाही पुस्तकाला ओळखत नाही.

मला फार वाईट वाटलं. हे रजिस्टर काढून पहिल्यासारखे लिहायला बसले, गुडघ्याला गरम फडकं बांधून, स्टुलावर चढून. चेहरा मात्र शांत. दुःख गिळणं ह्यांच्याकडून शिकावं.

१५ ऑगस्ट

झेंडावंदनानंतर सगळे वाचनालयात बसले. उत्तमराव निघताना दारातले खांब ओरडले. दोन महिन्यांत पहिल्यांदा. सगळे उठून उभे राहिले. उत्तमरावांच्या पिशवीत कालच्या पार्सलातून आलेलं नवं पुस्तक होतं, त्याला फहीमनं ठेवलेल्यातली चिठ्ठी लावून झाली होती, कव्हर घालायचं राहिलं होतं. ते पूर्वीपासून पुस्तकं तशीच नेतात, नोंद करत नाहीत. अध्यक्षाला कोण विचारणार?

शालिग्राम म्हणाला, "मशीन दुरुस्त झाली वाटते."

उत्तमराव लाल झाले. "हिले माणूस ओळखू येत नाई," म्हणाले, आणि पुस्तक माझ्या हातात दिलं. "वहिनी, याले चांगलं कव्हर घाला पाहू." घालून दिलं. दुसऱ्या वेळी खांब गप्प राहिले. उत्तमरावांनी पुस्तक नेलं. त्यानंतर मशीन दुरुस्तीला फहीमला बोलवा, असं त्यांनी फारसं म्हटलं नाही.

५ ऑक्टोबर

पौर्णिमा. पावसाळ्याचा वर्षावास संपला. विहारात खीर. मशीनवर कोळ्यानं जाळं केलं होतं, पुसून आले.

९ नोव्हेंबर

सोजराबाईंनी बोंड फोडून दाखवलं. वरून हिरवंगार, आत गुलाबी अळी, रुईच्या जागी काळं. चार एकरांत असंच. बोंड बाहेरून पाहून कोणाला कळलं नसतं. बीटीला अळी लागत नाही म्हणून तर पाकिटाला इतके दिले, असं त्या म्हणाल्या. त्यांना चहा दिला, तो तसाच निवला.

वाचनालयात आता पेपरसाठी रांग लागते. सगळ्यांना एकच बातमी वाचायची असते.

२९ नोव्हेंबर

शालिग्रामनं उभ्या कपाशीत नांगर घातला. वाचनालयात आला, पेपर घेतला, उलटा धरून बसला. कोणी थट्टा केली नाही. त्यालाच करवली नाही, दुसऱ्यांना कशी करवेल?

१२ डिसेंबर

नुकसानीचे अर्ज घेत आहेत. ग्रामपंचायतीत सांगितलं म्हणे की बियाण्याचं बिल जोडा. पुष्कळांनी कच्च्या चिठ्ठीवर घेतलेलं. मग त्यांनी यंदाचं रिकामं पाकीट आणावं, त्यावर लॉट नंबर असतो. खरं काय ते कोणालाच नक्की माहीत नाही, पण दुपारपासून लोक उकिरडे उकरत आहेत.

सोजराबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"सिंधूताई, तुमची ते यादी."

"हाय ना."

"माहे पाकिटं कुठी हायेत?"

यादी काढली. सोजराबाई, आठ पाकिटं. दोन पाककृतींवर, एक भूमितीवर, तीन भुतांच्या गोष्टींवर, दोन सरकारी अहवालांवर.

"भुताईच्या?" त्या म्हणाल्या. "बरोबर हाय."

१३ डिसेंबर

सकाळी सातलाच वाचनालयासमोर गर्दी. मी यादी घेऊन खुर्चीवर, हे फळ्यांपाशी. मी नंबर सांगायची, हे पुस्तक काढून द्यायचे, माणूस कव्हर उतरवून चित्र पाहायचा, नंबर पाहायचा. म्हातारी माणसं पाकीट कपाळाला लावत होती. जन्मात वाचनालयाची पायरी न चढलेले लोक पुस्तकं हातात घेऊन होते. एकाला शेळीपालनाचं मिळालं, तो तिथंच वाचत बसला, पाकीट विसरून.

दहाच्या सुमारास शालिग्रामचा नंबर लागला. त्यानं कव्हर उतरवलं, हात मोकळा करायला बोडकं पुस्तक मशीनच्या पाटावर ठेवलं.

टण्.

सगळ्यांनी माना वळवल्या. काचेवर पुस्तकाचं नाव आलं. शालिग्रामनं दुसरं ठेवलं. टण्. तिसरं. टण्.

"अरे, हे तं बोलून राह्यली," तो म्हणाला.

मग सगळे ठेवू लागले. गावात दुसरी करमणूक नाही, आणि महिनाभर कोणी हसलं नव्हतं. कार्ड दाखवून पुस्तकं आपापल्या नावावर चढवून घेतली. मला रडू आलं. सहा महिने मैत्री केली, त्याचं फळ असं साऱ्या गावासमोर आलं. ह्यांच्याकडे पाहिलं. हे स्टुलावर बसले होते, चढायच्या नाही, बसायच्या कामाला. हातात बोडकं पुस्तक.

१६ डिसेंबर

चार दिवसांत मशीनमध्ये सातशे नोंदी. रजिस्टरात वर्षाच्याही इतक्या होत नाहीत. पाकिटं सगळी अर्जांसोबत गेली, मागच्या वर्षांचीही लोकांनी उतरवून जोडली. सोजराबाईंची आठच्या आठ.

२४ डिसेंबर

वाचनालयात ह्यांचा सत्कार झाला. उत्तमराव भाषणात म्हणाले, "किसनरावांनी उन्हापावसात बांधाबांधावर फिरून पाकिटं जपली. उद्या काय येणार हे त्यांना जूनमध्येच दिसलं. असा दूरदृष्टीचा माणूस गावाला लाभला." टाळ्या. शाल, नारळ. माझी यादी फिरवून दाखवली, माझंही नाव घेतलं.

त्याच भाषणात, श्वास न घेता, पुढं म्हणाले की मशीन आता उत्तम चालते, सातशे नोंदी झाल्या, तेव्हा १ जानेवारीपासून किसनरावांना सेवेतून मोकळं करण्यात येत आहे. त्यालाही टाळ्या झाल्या. लोकांचे हात वाजतच होते, थांबवता आले नसावेत. शालिग्रामनं तेवढे थांबवले.

सत्कार आटोपल्यावर मी उत्तमरावांना विचारलं, मोकळं म्हणजे पगार सुरू ना?

ते म्हणाले, "वहिनी, मशीन कशासाठी आणली मंग?"

हे जूनमध्येच विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही आणि सहा महिने मैत्री करत बसले.

२६ डिसेंबर

फहीमचा फोन आला. मशीनमधल्या नोंदी त्याला तिकडे चिखलीत दिसतात म्हणे. ह्यांचा फोन घरी राहिला होता, मी उचलला.

"काकू, काय केलं तुम्ही? मशीन एकदम सुरू कशी झाली?"

"काही नाई बाबा. पुस्तकाईचे कव्हरं उतरवले."

"कव्हरं कशाची होती?"

सांगितलं. धुवून, कापून, चांदीची बाजू आत. त्यानं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाला, "काकू, ती चांदी म्हणजे धातूच असतो, ॲल्युमिनियम. तुम्ही अकराशे पुस्तकं पत्र्याच्या डब्यात घातली होती. आता तसलं कव्हर नका घालू." उत्तमरावांना सांगायला फोन करत होतो, लागत नाही, संक्रांतीनंतर येतो, असंही म्हणाला.

मी फोन ठेवला. म्हणजे मशीन आजारी नव्हती. मीच तिच्या तोंडात बोळा घातला. सहा महिने ह्यांना स्टुलावर चढायला लावलं ते मी. पिना उपटल्या, कपाटं हलवली, आणि चोर माझ्याच हातात.

२७ डिसेंबर

ह्यांना सांगितल्याशिवाय घास उतरेना. हे ओसरीवर गुडघ्याला तेल चोळत होते.

"आवो, माह्या हातून मोठी चूक झाली."

सगळं सांगितलं. चांदी, धातू, फहीम. "सहा महिने तुमाले तरास झाला, तो माह्यामुळं. मले माफ करा."

ह्यांनी दुसऱ्या गुडघ्याला तेल घेतलं.

"फहीमनं आणखी कोणाले सांगतलं?"

"नाई. मलेच."

"उत्तमरावाले?"

"त्याईचा फोन लागून नाई राह्यला."

हे पुन्हा चोळू लागले. मी वाट पाहत उभी. रागावतील, निदान हसतील. मान खाली ठेवूनच म्हणाले,

"शकीलच्या हॉटेलातले चायपत्तीचे पाकिटं तू जमवतेस ना? मसाला भरायले?"

"हाव. दोनेकशे असतील."

"आतून कसे हायेत?"

मी आत गेले. डबा उघडला, एक पाकीट उलटं केलं. मग ही वही काढली आणि मागं उलटत गेले. चौदा जून. कव्हर नखानं खरडलं. कव्हर आणि पुस्तक वेगवेगळं घेऊन गेले. दुसऱ्यांदा भाजी मागितली. सगळं माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं.

बाहेर येऊन पाकीट ह्यांच्या हातात दिलं. म्हटलं, "चांदीसारखे."

३१ डिसेंबर

सकाळी उत्तमराव स्वतः दारात. "वहिनी, पाकिटं गेल्यापासून वाचनालय बोडकं दिसून राह्यलं. पुण्याचे साहेब पंधरा तारखेले पाह्यले येणार हायेत. जरा पुन्हा कव्हरं घालून द्या. तुमचा हात लागला का पुस्तकाले रूप येते."

"कशाचे घालू?"

"ते तुमी पाहा. तुमाले मी काय शिकवू?" आणि जाताना म्हणाले, "मशीन तं आता चालतेच हाय."

"फहीमचा फोन आला होता," मी म्हटलं. एवढं सांगणं माझं काम होतं.

"त्याले म्हना, बिल घ्याले येऊ नको," असं म्हणून गाडीवर बसून गेले. पुढं काही विचारलं नाही.

हे दुपारी वाचनालयात शेवटचा दिवस म्हणून गेले आणि पुस्तकांची पहिली पोतडी सायकलवर बांधून घेऊन आले. शकीलकडे जाऊन आणखी पाकिटंही आणली. त्यानं विचारलं म्हणे, एवढ्याचं काय करता, तर हे म्हणाले, "घरी वाचनाचा नाद हाय."

रात्रीच्या आत चाळीस पुस्तकं झाली. चांदीची बाजू आत. सोजराबाई मदतीला बसल्या होत्या, त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा ह्यांच्याकडे, आणि डिंकाची वाटी पुढं सरकवली.

संध्याकाळी वंदना केली. मंगल मैत्रीत मशीन धरली नाही, तिची तब्येत आता बरी आहे. पंचशील म्हणताना चौथ्याशी थांबले. खोटं बोलण्यापासून दूर राहीन, एवढंच त्यात आहे. तीनदा म्हणून पाहिलं. विचारल्याशिवाय सांगीन, असं कुठं नाही.